चार वाजताची तोडी

१९९८ साली नवऱ्याची बदली रत्नागिरीला झाली आणि आम्ही मांडवीच्या घरी सासऱ्यांजवळ राहायला आलो. माझं माहेर देवरूखचं. तिथे रेडिओ बातम्यांपुरता आणि भातावरच्या रोगांच्या सल्ल्यापुरता लागे. इथे मात्र तो पहाटेपासून चालू असे आणि घरातली कामं त्याच्या चालीने होत. भिंतीवर मोठं घड्याळ होतं. पण रेडिओत आणि घड्याळात फरक पडला, तर मामंजी घड्याळ लावून घेत.

मला गाण्यातलं कळत नाही. पण सकाळचा शास्त्रीय गायनाचा कार्यक्रम माझ्या फार उपयोगाचा होता. गवयाचं संथ चाललेलं असे तोवर भाजी चिरून घ्यायची, तबल्याची लय वाढली की फोडणी द्यायची आणि तराणा लागला की डबे भरायचे. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात मी हिशेब बघत असे आणि तिथे नेणारी गाडी कोणासाठी थांबत नसे. निवेदिका रागाचं नाव सांगे, मामंजी ते ओटीवरून मला परत सांगत. "तोडी लागली गो, आंघोळी आटोपा." ऐकून ऐकून मी पाचसहा राग ओळखायला लागले, मासळीवाली माशांची नावं शिकवते तसे.

पुढे हा कार्यक्रम आखडत गेला. आधी तो अर्ध्यावर आला, मग कधी गायनाऐवजी मुलाखत लागे, कधी जाहिरातींच्या मधे एखादी धून. शेवटी त्या वेळी सिनेमाची गाणी आली आणि दोन गाण्यांच्या मधे बडबड करणारी मुलं आली. मला त्याचं दुःख झालं नाही. सिनेमाच्या गाण्यांवर पोळ्या भरभर होतात. मामंजी मात्र रेडिओ बंद करून गप्प बसून राहू लागले. तोवर काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती. घड्याळ दिसत नव्हतं, वर्तमानपत्र सुटलं होतं, आणि आता रेडिओही गेला.

म्हणून माझ्या ठाण्याच्या नणंदेने सॅटेलाइट रेडिओ पाठवला. कौलावर पत्रावळीएवढी तबकडी बसवली. त्यावर एक केंद्र दिवसरात्र फक्त शास्त्रीय संगीत लावत असे. मधे निवेदन जवळपास नाही, की वेळ सांगणारं कोणी नाही. मामंजी खूश झाले. आम्हीही सुटलो.

आषाढात एका रविवारी सकाळी, पाऊस कोसळत असताना, ते खुर्चीतल्या डुलकीतून उठले, हातपाय धुऊन आले आणि देवापाशी अजून दिवा का लावला नाही, असं त्यांनी मला विचारलं. अजून अकराही वाजले नव्हते. मी ते हसण्यावारी नेलं. पण मग असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. शेजारणीने चळ लागला असा शब्द वापरला. नवऱ्याने फोनवर बहिणीला सांगितलं आणि ती पहिल्या गाडीने आली.

तिचं ठरलेलंच होतं. मी दिवसभर कारखान्यात, भाऊ फिरतीवर, अशा माणसाला एकटं कसं ठेवायचं? ती बाबांना ठाण्याला नेणार. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली डॉक्टर. मामंजींचा तिथे एका आठवड्यात जीव गुदमरेल, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पण मामंजी नाही म्हणाले नाहीत. कपडे कुठले घ्यायचे तेवढं त्यांनी विचारलं. मला ते बरं दिसेना.

जायच्या आदल्या दिवशी मी रजा काढली होती. दुपारचा चहा झाला, नणंद बॅग भरत होती, आणि मामंजी ओटीवरून म्हणाले, "आंघोळीचं पाणी काढलंत का?"

नणंदेने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. मी स्वयंपाकघरात होते आणि माझ्या हातात विळी होती. चहाची भांडी विसळायची सोडून मी विळी का घेतली, हे मला कळेना. मग कान दिले. रेडिओवर तोडी चालली होती.

मी ओटीवर जाऊन रेडिओ बंद केला आणि मामंजींना विचारलं, किती वाजले असतील.

"साडेआठ. तोडी चाललीय की."

"चार वाजलेत दुपारचे."

ते खुर्चीत सरळ झाले. मग म्हणाले, "मगाशी शाळा सुटल्याची घंटा ऐकली मी. वाटलं, आपलंच डोकं फिरलं."

मी विचारलं, त्या रविवारी काय लागलं होतं? यमन, ते म्हणाले. दिवेलागणीचा राग. ऊन कळत नव्हतं, पोरं रस्त्यावर खेळत नव्हती, आणि यमन चाललेला. आयुष्यभर ज्या रेडिओने त्यांना कधी चुकीची वेळ सांगितली नव्हती, त्याच्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता आणि स्वतःवरचा काढून घेतला होता.

नणंदेला हे पटेना. "वहिनी, बाबांना भ्रम झालाय आणि तू मला राग सांगतेस?"

"वन्सं, तुम्ही तिकिटं पुढे ढकला. रेडिओ बंद ठेवू. ते पुन्हा चुकले तर मी स्वतः बॅग भरीन."

मामंजींचा आवाज एकदम पूर्वीसारखा झाला. "दुपारी चार वाजता तोडी लावतो, त्याला ने डॉक्टरकडे. मला कशाला नेतेस?"

ती थांबली. मी कारखान्यात जात राहिले आणि ती घरी बापाची परीक्षा घेत राहिली. ऐन स्वयंपाकाच्या वेळी, झोपेतून उठता उठता, कधीही विचारी. मामंजी दूधवाल्यावरून, बांगेवरून, बंदरावरून परतणाऱ्या बायकांच्या बोलण्यावरून वेळ सांगत. एकदाही फार चुकले नाहीत. उलट तिचं मनगटी घड्याळ मागे पडतंय हे त्यांनीच तिला सांगितलं.

रेडिओचा निकाल त्यांनी स्वतः लावला. तो राहू दे, पण बटण माझ्या हाताशी ठेवा, म्हणाले. भलत्या वेळी भलता राग लागला की ते खटकन बंद करत आणि लावणाऱ्याला दोन शब्द सुनावत.

नणंद निघाली तेव्हा रिक्षा दारात उभी होती. तिने पायरीवर वाकून नमस्कार केला आणि तरी राहवेना म्हणून विचारलंच, "बाबा, आता किती वाजले?"

"तुझी गाडी चुकेल एवढे," मामंजी म्हणाले. "नीघ."