चोरलेली मात्रा

करडी गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं तबला वाजवणाऱ्या सेवकरामनं लेकीला गाणं शिकायला विद्यापीठात घातलं, तेव्हा गावानं त्याला वेड्यात काढलं. तशी रंजिता घरीच होती, वर्ग मोबाइलवर भरत. धान साठवायच्या ढोलीला मोबाइल टेकवून ती बसे, कारण घरात रेंज तेवढ्याच जागी येई.

सर पलीकडून ठेका धरत. तो इकडे यायला उशीर, तिचा आवाज तिकडे पोचायला आणखी उशीर. सर म्हणत, समेवर मागे पडतेस. पोरगी हुशार. ती समेच्या अर्धी मात्रा आधीच सूर सोडू लागली आणि सर खूश झाले. वर्षाअखेरी विद्यापीठाकडून विद्यार्थी-समाधानाचा फॉर्म आला, त्यात तिनं सगळीकडे 'पूर्ण समाधानी' निवडलं. खोटं नव्हतं ते.

संध्याकाळच्या रियाजाला बाप तबल्यावर बसे. त्याच्यासोबत तिची सम कधीच चुकली नाही. मग शंका यावी कशी?

शेवटची परीक्षा मात्र समोरासमोर झाली. तबलजी अनोळखी. प्रत्येक आवर्तनात ती समेआधीच जाऊन पोचली. शेवटी परीक्षकांनी हळूच विचारलं, हे तुला कुणीच सांगितलं नाही का? प्रात्यक्षिकात ती नापास झाली.

घरी आल्यावर ती दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं बापाला विचारलं, "बाबा, तुमाले तं समजत होतं. काहून नाही सांगतलं?"

सेवकराम बराच वेळ डग्गा पुसत राहिला. त्यावर धूळ नव्हतीच.

"पयल्याच दिवशी समजलं," तो म्हणाला. "पण तू युनिव्हर्सिटीत शिकून राहिली, मी पाचवी पास. मले वाटलं, नवीन पद्धत अशीच असन. मंग मीच मात्रा चोरत गेलो, तुले गाठाले."

मंडळात ज्यानं भल्याभल्यांची अर्धी मात्रा कधी खपवून घेतली नाही, त्यानं लेकीच्या शिक्षणापुढे आपला हात वाकवला होता. रंजिताला रडू आवरेना. नापास झाल्याचं नव्हतं ते रडू.

फेरपरीक्षेला सहा महिने होते. तिनं डोळे पुसले, मोबाइल पालथा घातला आणि समोर बसली.

"आता नका चोरू, बाबा."

त्यानं ठेका धरला. ती गायली, आणि सवयीनं आधीच सुटली. सेवकरामचा हात या वेळी हलला नाही. सम आली, तेव्हा पोरगी एकटीच पुढे निघून गेली होती. बापाला ते ऐकवेना, तरी त्यानं ठेका तसाच चालू ठेवला.