दगड त्याच कुशीवर

काल दुपारी चारच्या सुमारास हिमाचलातल्या तीर्थन नदीतल्या मेफ्लायच्या पिल्लांवर अन्याय झाला. मेफ्लाय म्हणजे नाजूक पंखांचा किडा. त्याची पिल्लं पाण्यातल्या दगडांच्या बुडाला चिकटून महिनोन् महिने वाढतात आणि वसंतात एखाद्या संध्याकाळी पंख फुटून उडतात. ते दगडच आपल्या पुण्याहून फिरायला आलेल्या मंडळींनी उचलले आणि फोटोसाठी काठावर मनोरे रचले. पिल्लं उन्हात वाळून गेली.

माझी आत्या इथे ट्राउट मासे धरते. तिनेही एक दगड उचलला, खालचं पिल्लू न्याहाळलं आणि दगड होता त्याच कुशीवर अलगद परत ठेवला. मग त्या पिल्लाच्या रंगाची पिसं गुंडाळलेला गळ निवडला.

"मावशी, आमचा एक फोटो काढता?" मंडळींनी विचारलं.

"काढते की. आधी लोकांची घरं खाली ठेवा."

ते हसले. दगड तसेच राहिले.

संध्याकाळी किडे उडाले. आत्याची दोरी हवेत वळण घेऊन पाण्यावर अशी टेकली, की गळ मलाही किडाच वाटला. ट्राउट उसळला आणि गळाला लागला. त्याला इजा होऊ नये म्हणून तिने हात ओले करून त्याला सोडवलं, दम घेऊ दिला, जाऊ दिलं. घेतलेलं इतक्या अदबीने परत करणारं माणूस मी आमच्या नदी वाचवा मोर्चांतही पाहिलेलं नाही.

मनोऱ्यांसमोर मात्र एकही किडा उठला नाही, की मासा आला नाही.

तुमच्याही फोनमध्ये असा फोटो असेल. पुढच्या वेळी मनोरा दिसला, की मोडा. दगड पाण्यात ठेवा.