पालथा नान

महकम-आकांनी कोकंदच्या सिनेमागृहासाठी एकतीस वर्षं पोस्टरं रंगवली आणि त्यातला एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नाही. शेवट ठाऊक असला की तो नायकाच्या चेहऱ्यावर उमटतो, असं त्यांचं म्हणणं. ताश्कंदहून पोस्टकार्डाएवढं चित्र यायचं. आका त्यावर चौकटी आखायचे आणि एकेक चौकट कापडावर मोठी करून रंगवायचे. खोटं बोलणं त्यांना जमत नसे, त्यामुळे लग्नाच्या बोलणीला त्यांना कुणी नेत नसे.

अशा माणसाला आमच्या संस्थेनं शोइराच्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला मानाचा पाहुणा म्हणून बसवलं. शोइराचा विषय चिन्हमीमांसा, आणि पुरावा म्हणाल तर एक जुना फोटो. त्यात आकांच्या पोस्टरवरचा तलवारवाला नायक खाली डोकं वर पाय, आणि शेजारी एक नान.

"हा उलटा नायक," शोइरा पडद्याकडे काठी रोखून म्हणाली, "कोसळत्या काळाचं चिन्ह आहे. अख्ख्या चित्रात सुलटा आहे तो एकटा नान, नक्षीची फुगीर बाजू वर. म्हणजे वीर जातात, अन्न राहतं."

मी तिथला ग्रंथपाल. इतक्या वर्षांत प्रबंध ऐकताना मला पहिल्यांदाच झोप आली नाही.

प्रमुख परीक्षक अझीमबेक दोमला, म्हणजे आमचे गुरुजी, खूश झाले, आणि खूश झालेला माणूस करतो ती चूक त्यांनी केली. "आका, तुमच्याही मनात हेच होतं ना?"

आका उठले. टोपी नीट केली. "नाही, दोमला. नायक मी सरळच काढला होता. नानाची चौकट तेवढी माझ्या हातून उलटी रंगली. दारावर तिकिटं बघणाऱ्या शराफत-खोला, आम्हा सगळ्यांच्या मावशी, म्हणाल्या, 'मेल्या, पालथ्या नानाखालून लोकांना आत सोडू होय मी? घरदार बुडवशील गावाचं!' म्हटलं, उद्या दुरुस्त करतो. तेवढ्यात त्यांनी पोस्टरच उलटं टांगलं. नान सुलटा झाला. नायकाचं काय, पगारी माणूस तो."

"मग दुरुस्त का नाही केलंत?"

"गर्दी वाढली ना!"

सभागृह खिदळलं. शोइरा मात्र चुन्यासारखी पांढरी. दोन वर्षांचं काम तिच्या डोळ्यांदेखत डोक्यावर उभं राहिलं होतं.

"म्हणजे कोसळता काळ वगैरे काही नाही," दोमला म्हणाले. "प्रबंध पुन्हा लिहावा लागेल, पोरी. आता फिरव तो फोटो, खरं पोस्टर तरी बघू."

तिनं फोटो फिरवला. नायक पायांवर आला. नान पालथा झाला.

"तौबा!" मागच्या रांगेतली एक आजी पडद्याकडे धावत सुटली. एक परीक्षक चहाच्या पेल्यासकट उभे राहिले. मीही अर्धा उठलो होतो, का ते विचारू नका. दोमला टेबल बडवत ओरडत होते, "फिरव! आधी फिरव!"

शोइरानं हात मागे घेतला. "दोमला, माणूस मघापासून डोक्यावर उभा होता. तेव्हा कुणी उठलं?"

"पोरी, नान..."

"फिरवते. पण एक प्रकरण जोडू का? चिन्ह कशाला म्हणायचं ते चितारी ठरवत नाही. शराफत-खोला ठरवतात."

"जोड! पाचपैकी पाच! पण फिरव गं बाई!"

पुढे पुलाव झाला. आकांनी नान दोन्हीकडून निरखला, मगच मोडला आणि पहिला तुकडा शोइराला दिला.

"एकतीस वर्षांत," ते म्हणाले, "शेवटपर्यंत बसलो असा हा पहिलाच खेळ."