शिरस्त्राणवाल्या बाईचा माग: पेडगाव, राणीसावरगाव, पूर्णा

त्या शुक्रवारी सकाळी पूजा आटोपली आणि मी देव्हाऱ्यातल्या चांदीच्या भांड्यातून देव एकेक करून उचलले. खंडोबा, अन्नपूर्णा, बाळकृष्ण. पितळी ताटात ठेवताना मनात म्हणालो, थोडे दिवस अडचण सोसा. भांडं मफलरमध्ये गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि पेडगाव स्टेशनवर आलो.

कारण माझा धाकटा भाऊ उत्तम. तो पूर्ण्याला रेल्वेत आहे. आईच्या माहेराहून आलेलं हे भांडं आटवून चांदी निम्मी-निम्मी करायची, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी दुपारचा सोनारही ठरवून ठेवलेला. मला भांडं अख्खं हवं होतं. "मुलामा असंल तर टंटाच मिटला," असं तो फोनवर म्हणाला, तेव्हा ते नक्की काय आहे हे शोधायचं ठरवलं.

भांडं लांबट, दोन कानांचं. बुडाशी ज्वारीच्या दाण्याएवढा बाईचा चेहरा. आई दर शुक्रवारी देव बाजूला ठेवून भांडं पालथं करायची आणि त्या चेहऱ्याला हळद-कुंकू लावायची. आमच्या घरात ती कुलस्वामिनीच. मुलीच्या मोबाइलवर एकदा जुन्या फ्रेंच चांदीची चित्रं पाहिली आणि आमची कुलस्वामिनी तिथे ओळीने मांडलेली दिसली.

कुणाला अशी सहल करायची असेल तर थोडी माहिती. फ्रेंच चांदीवर सरकारी ठसा असतो: आठ कोनी चौकटीत मिनर्व्हा नावाची त्यांची देवता, डोक्यावर शिरस्त्राण, तोंड उजवीकडे. कपाळासमोर १ असेल तर चांदी जास्त कसाची, हनुवटीखाली २ असेल तर कमी. कारागिराचा ठसा वेगळा, शंकरपाळ्याच्या आकाराचा. तो सरळ चौकोनी असेल तर मुलामा समजावा. तिरप्या उन्हात मोबाइलच्या कॅमेऱ्याने पाहिलं की बरं दिसतं. आमच्या भांड्यावर मात्र दोन्ही ठशांवर कुंकवाचा दगडासारखा थर; बाईचा चेहरा तेवढा कळतो, आकडा आणि चौकट नाही. चिंच घेऊन बसलो तर बायको म्हणाली, "देवीचं नाक झिजवता का?" माझाही हात उचलेना. म्हणून आधी राणीसावरगावला मामांकडे. भांडं त्यांच्याच घरातलं, त्यांना काही ठाऊक असेल.

परभणीला गाडी बदलून गंगाखेडला उतरायचं. डब्यात शेजारच्या फेटेवाल्याने पिशवीत डोकावलं.

"काय हाय?"

"देवाचं भांडं."

त्याने ते पालथं करून पाहिलं. "अन् ही बाई कोन?"

"फ्रान्सची असावी."

"तुमी गेलते का तिकडं?"

"नाही. तीच आली."

"लय लांबून आली की," म्हणत त्याने तिला हात जोडले आणि पोखर्णीपर्यंत पाय आखडून बसला.

गंगाखेड स्टँडवर भजी खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. राणीसावरगावची बस भरल्याशिवाय हलत नाही आणि भरल्यावरही विचार करते. खिडकीतून कापसाची रानं बघत पोचलो.

मामा ऐंशीचे. हातपाय धुऊन मी देव्हाऱ्यापुढे वाकलो आणि तसाच थांबलो. देवीच्या डोक्यावर चांदीचं छत्र, साखळीने टांगलेलं. लांबट. मी मान आत घालून मोबाइल वर धरला. छत्राच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाचं कुंकू कधी पोचलं नव्हतं, तिथे मिनर्व्हा लख्ख बसली होती. कपाळासमोर १. शेजारी शंकरपाळं.

"मामा, हे छत्र नाही. आमच्या भांड्याचं झाकण आहे."

"काय बी! वर कमळ हाय बघ."

ते फुलकोबीचं फूल होतं, पण कमळ तर कमळ. जुळतं का ते बघायचं, तर मामा छत्र उतरवू देईनात. देवीच्या डोक्यावरचं छत्र काढत नसतात. मग एकच उपाय उरला. देवीला भांड्यात बसवलं आणि मी भांडं हळूहळू वर उचललं. कट्ट करून झाकण बसलं.

"अवो, देवी कोंडली की!" मामी ओरडल्या.

देवीला बाहेर काढून सगळ्यांनी नमस्कार केला. मग मामांनी विचारलं, "फ्रान्सात ह्येच्यात काय ठिवायचे?"

"रस्सा वाढायचे."

"कशाचा?"

"कसलाही."

मामांनी छत्राकडे पाहिलं. "कोंबडीचा बी?"

"असेल."

"तिला सांगू नको," ते देवीकडे बोट दाखवून हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघून परभणीमार्गे पूर्ण्याला. पहिल्या प्रतीची चांदी, वर झाकण सापडलेलं. अशी जुनी जोडी कोणी आटवत नाही, आता भांडं वाचलं म्हणून मी खुशीत होतो. उत्तमला सगळं सांगितलं आणि तो उलटाच उसळला.

"रस्सा? मंग तर आटवायलाच पायजे! आगीतून काढलं की शुद्ध व्हतंय. चल दादा, सोनार वाट बघायलाय."

त्याची बायको सुनीता भाकरी थापत होती. "बांधावरच्या म्हसोबाला दरसाल काय दावता?"

"त्येची गोष्ट येगळी."

"कोंबडंच ना? तवा देव बाटत न्हाई, अन् फ्रान्सचा रस्सा लागला व्हय?"

मला हसू आवरेना. उत्तमलाही आलं, पण त्याने तोंड फिरवलं. "तुमाला काय. देव तुमच्याकडं हायेत. माझ्याकडं भिताडाला कॅलेंडर हाय. माझ्या वाटच्या चांदीचे मी देव करनार व्हतो."

हे तो इतक्या वर्षांत कधी बोलला नव्हता. थोरल्याकडे देव, ही आमच्याकडची रीत. मीही कधी विचारलं नव्हतं. सोनाराकडे त्या दिवशी कुणी गेलं नाही. "दिवाळीपोतर थांबतो," एवढंच तो म्हणाला.

भांडं घरी परत आणलं, पण बरेच दिवस देव ताटातच राहिले. कुठली मिनर्व्हा, कुठलं पेडगाव. तिचं काम चांदीची ग्वाही देण्याचं, आणि आम्ही तिला नवस बोललो. तिने तक्रार केली नाही. मग देव कोणाच्या घरी बसतात याची तक्रार देवांनी तरी का करावी, असं रोज पूजेच्या वेळी वाटत राहिलं. बायकोला सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सणाला आपण जाऊ तिकडं."

परवा पूर्ण्याला गेलो. उत्तमच्या घरात नव्या फळीवर भांडं ठेवलं आणि खंडोबा, अन्नपूर्णा, बाळकृष्ण माझ्या हाताने त्यात बसवले.