हवालदाराचं तिसरं जाणं

"किती भागांचा आहे मी अजून?"

दारातूनच विचारायचे ते. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायची नाही, खुर्ची पुढे केली तरी बसायचं नाही. आमच्या गुन्हेगारी मालिकेत ते हवालदार होते आणि मी लेखक. तुमच्यापैकी काहींनी त्यांना नारायण पेठेत तरातरा चालताना पाहिलंही असेल.

पहिल्यांदा ते नाटकाच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा मी हवालदाराची गडचिरोलीला बदली केली. प्रेक्षकांनी महिनाभर मला झोडपलं. परत आणलं. दुसऱ्यांदा त्यांना कावीळ झाली, म्हणून हवालदाराला पुलावरून ढकललं. आमच्या धंद्यात एक नियम असतो: ज्याला परत आणायचं, त्याचा मृतदेह दाखवायचा नाही. अंथरुणातून त्यांचा फोन आला.

"सापडलो नाही ना मी?"

"नाही."

"मग उसाचा रस पितो आणि येतो."

आल्यावर स्वारगेटला एकाने त्यांना अडवलं. "अहो, तुम्ही बुडाला होतात ना?"

"बुडणार होतो. नेमकं त्या दिवशी पाणी सुटलं नव्हतं."

तिसऱ्यांदा त्यांच्या बायकोचं ऑपरेशन होतं. त्यांनी तीन महिने मागितले. त्याच आठवड्यात लोणी काळभोरला चित्रीकरण होतं आणि गाव जमलं होतं. कुणीतरी माझी ओळख करून दिली, हे मालिकेचे लेखक. पुढे उभी असलेली म्हातारी म्हणाली, "आसतील. हवालदार कवा येनार हायेत, त्ये सांगा."

सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन हवालदाराला मारून टाकलं.

चॅनेलने मला फक्त रजा दाखवायला सांगितलं होतं. मी गोळी घातली, दुसऱ्याच माणसाला आडवं करून चेहऱ्यावर चादर ओढली आणि चिता पेटवली. कथेची गरज आहे, असं सगळ्यांना पटवलं. मला लिहिता छान येत होतं.

तीन महिन्यांनी ते आले.

"पाहिलं मी. पण चेहरा झाकलाय. जळला तो दुसराच कुणी निघेल. जमेल ना?"

जमलं असतं. चॅनेलवालेही आठवड्याला दोनदा तेच विचारत होते.

"मी तयार आहे हो," मी म्हणालो. "चॅनेल नाही म्हणतंय."

ते खुर्चीवर बसले. मी त्यांना बसलेलं तेव्हाच पाहिलं. पिशवी खाली ठेवत म्हणाले, "तुम्ही भांडला असाल माझ्यासाठी."

मी मान हलवली.

पुढे त्यांना धड काम मिळालं नाही. जिथे जातील तिथे लोक म्हणत, तुम्ही तर मेलात. गेल्या वर्षी ते खरोखरच गेले. त्यांना सांगायचं म्हणून मी कितीदा तरी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरलो होतो. आता सांगायला तुम्हीच उरला आहात.

परवा त्यांच्या घराजवळच्या भाजीवालीने मला ओळखलं.

"तुम्ही लेखक ना? हवालदार सांगायचे, लेखकाने फार प्रयत्न केला, चॅनेलनंच ऐकलं नाही. कुणी तुम्हाला नावं ठेवली की भांडायचे."

"हो," मी म्हणालो.

तिने न मागता कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत टाकल्या. मी त्या घरी घेऊन आलो.