टाकीचा गुणगुणणारा व्हॉल्व्ह

कारखान्यात माझ्या कानांना मान आहे. हायड्रॉलिक प्रेसचा आवाज बदलला की लोक मला बोलावतात. मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्रावर टेकवतो, त्याची मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो आणि बिघाड सांगतो. डोळे मिटायची काही गरज नसते, पण त्यानं वजन पडतं.

कळंब्याच्या घरी गच्चीवरची टाकी भरून वाहू नये म्हणून मी नळाच्या लाइनवर विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवला. टाकी भरली की तो आपोआप बंद होतो. प्लंबरला मी बोलावूच दिलं नाही. थोड्याच दिवसांत पाणी आलं की तो भुंग्यासारखा गुणगुणायला लागला. भिंतीतून तो आवाज थेट स्वयंपाकघरात यायचा.

"अहो, तुमच्या त्या व्हॉल्व्हला काय झालंय बघा की," बायको म्हणाली.

मी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. "कॉइल गेली," म्हणालो.

नवी कॉइल आणून घातली. आवाज तोच. मग मी व्होल्टेज कमी असल्याचं जाहीर केलं. मीटर लावला, तर व्होल्टेज चोख. तरीही कंपाउंडवरून शेजाऱ्यांना विजेच्या अवस्थेबद्दल मी बरंच ऐकवलं. ते बिचारे "व्हय, व्हय" करत झाडांना पाणी घालत राहिले.

शेवटी रविवारी सकाळी व्हॉल्व्ह उघडायला बसलो. मेन स्विच बंद केला, खालचा कॉक बंद केला. गच्चीपर्यंत चढलेला पाइप पाण्यानं भरलेला आहे, हे मात्र डोक्यात आलं नाही. स्क्रू सैल झाले आणि वरचं सगळं पाणी माझ्या तोंडावर आलं. गारगोटीहून आलेले वडील पायरीवर चहा पीत बसले होते.

"आंघोळ झालती न्हवं तुझी?" त्यांनी शांतपणे विचारलं.

व्हॉल्व्हच्या आत एक छोटा लोखंडी दट्ट्या असतो. कॉइलला वीज मिळाली की तो वर खेचला जाऊन घट्ट चिकटायला हवा. त्याच्या डोक्यावर पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा चुरगळलेला तुकडा बसला होता. दट्ट्या पुरता वर पोचत नव्हता, म्हणून थरथरत होता.

"सापडलं," मी म्हणालो. "बाहेरचा कचरा आत गेलाय."

बायकोनं तो तुकडा बोटावर घेतला. "ही टेप कुणी गुंडाळली होती?"

"ज्यानं जोडणी केली त्यानं."

"आणि जोडणी कुणी केली?"

मी टॉवेल मागितला.

जुनी टेप काढून, नवी बेतानं लावून सगळं पुन्हा बसवलं. दुसऱ्या दिवशी पाणी आलं तेव्हा काहीच ऐकू येईना. मी जरा वेळ खूश होतो. मग शंका आली, की हा चालू तरी आहे का? गच्चीवर चढून टाकीचं झाकण उचललं. पाणी धो धो पडत होतं.

"चालू हाय का?" खालून वडिलांनी विचारलं.

"आहे."

"मग खाली ये की. पोहे गार व्हायल्यात."