वस्तीचं नाक

"तुमच्या वस्तीला कवापासनं नाक आलं गं?"

माईक चालू होता. असं विचारून आधी अध्यक्ष स्वतःच हसले, मग मंच हसला, मग अख्खं स्टेडियम. मी मंचाच्या पायरीशी उभी. अंगात सफाईचं जाकीट.

मी एवढंच म्हणाले होते, "आवं साहेब, तेवढा धूर थांबवा. माझी पोरगी गुदमरलीय."

कबड्डीचा अंतिम सामना होता. पुढारी आत शिरले तशी गेटापासून मंचापर्यंत फटाक्यांची माळ उडाली. गॅलरीत पोरांनी लाल-पिवळ्या धुराच्या नळ्या पेटवल्या. मागं जनरेटर धडधडत होते. वारा पडलेला. समोरचा खेळाडू दिसेना, तरी लोक नाचत होते.

माझी सारिका पोलीस भरतीची तयारी करायची. रोज पहाटे याच मैदानावर पळायची. दर कार्यक्रमानंतर इथं कचरा पेटायचा, त्याच धुरातनं पळायची. खोकला लागला, तरी पळायची. त्या दिवशी सामना बघायला आली आणि गॅलरीखाली मटकन बसली. ओठ निळे. "आई, श्वास येईना." मी पदरानं वारा घालत होते. वारा कसला, धूरच.

मान खाली घालून मी मंचापासनं परत फिरले. शेजाऱ्याच्या टेम्पोतनं तिला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावला. म्हणाले, "आता पळणं बंद." सारिका भिंतीकडं तोंड करून पडली. मला रडूसुद्धा आलं नाही.

तिला घरी आणून कामावर गेले. थर्माकोलच्या प्लेटा, बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, फटाक्यांचे कागद, सगळ्याचा ढीग मैदानाच्या कोपऱ्यात तसाच. मुकादमानं काडेपेटी पुढं केली.

"पेटव."

"न्हाई."

"काय म्हणालीस?"

"न्हाई पेटवणार. कचरागाडी बोलवा."

तो आमच्याच वस्तीतला. हळूच म्हणाला, "अगं, मला बी वर जाब द्यावा लागतो. तुझ्या जागी दुसरी येईल बघ."

"येऊ दे."

आली. माझ्याच गल्लीतली. माझ्याकडं न बघता तिनं काडी ओढली. तिचीही पोरं तिथंच खेळतात. तिला मी काय बोलणार? गेटाबाहेर उभी राहून काळा धूर मैदानाला लागूनच असलेल्या आमच्या वस्तीच्या पत्र्यांवर उतरताना बघितला. माझं काम गेलं. धूर गेला नाही.

नगरपालिकेत गेले, दिवसभर बाकावर बसवलं. पोलिसांत गेले. "खेळाचा कार्यक्रम हाय बाई, लोकांचा आनंद हाय." सारिकानं पळायचे बूट चुलतबहिणीला देऊन टाकले. मी अडवलं नाही. काय म्हणून अडवू?

आता पुन्हा सामने आहेत. मांडव पडलाय. माझ्यासोबत कुणी येणार नाही, मला माहीत आहे. ज्याची चूल त्या मैदानावर चालते तो येणार कसा? फटाक्यांचा टेम्पो एकाच गेटानं आत जातो. तो आला की मी गेटात आडवी पडणार. विनंती करणार नाही. उचलून बाजूला टाकतील. टाकू देत. मी उठून परत तिथंच आडवी होणार.